सीएनसीचे काम : हिशेब आधी, भाव नंतर

आम्ही कापडाचे व्यापारी; लोखंड कापणे हा आमचा धंदा नव्हे. पण आमच्या पुतण्याने सीएनसी लेथ मशीन घेतले आणि पहिल्याच मोठ्या कामात घाटा खाल्ला. तेव्हा त्याची वही घेऊन आम्ही त्याच्यासोबत बसलो. चूक सापडली ती मागाच्या हिशेबाने.

आपल्यापैकी पुष्कळांना माग ठाऊक आहे. मिनिटाला १५० पीक पडतात आणि कापडात इंचाला ६० पीक आहेत, तर मिनिटाला अडीच इंच कापड निघते. आठ तासांत कागदावर ३० मीटर होतात. पण ३० मीटरवर कोणी सौदा करीत नाही. तार तुटते, कांडी बदलावी लागते, बीम संपतो, वीज जाते. म्हणून आपण २४-२५ मीटरच धरतो. मशीन बदलले तरी हिशेबाचा हा कायदा बदलत नाही.

आता पुतण्याचे काम पाहू. ५० मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाच्या दांड्यावर १२० मिलिमीटर लांबीपर्यंत टर्निंग करायचे होते, नग ६०. कार्बाइड इन्सर्टसाठी कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर धरला. या वेगाला १००० ने गुणावे आणि ३.१४ गुणिले व्यास याने भागावे, म्हणजे मिनिटाचे फेरे मिळतात. येथे ते ९५५ आले.

एका फेऱ्यात टूल जितके पुढे सरकते ते फीड. जाड कापाला ०.२ मिलिमीटर फीड, म्हणजे मिनिटाला १९१ मिलिमीटर. टूल ३ मिलिमीटर आधीपासून सुरू होते, म्हणून लांबी १२३ धरली. एका कापाला ३९ सेकंद, दोन कापांना ७८. फिनिशिंगच्या कापाला फीड निम्मे, म्हणजे ७७ सेकंद. एकूण १५५ सेकंद. अडीच मिनिटांहून थोडे जास्त.

पुतण्या येथेच थांबला. ६० नगांना १५५ मिनिटे धरली, भाव सांगितला आणि तारीखही देऊन टाकली.

बाकीचा वेळ असा : नग चकमध्ये लावणे-काढणे ४० सेकंद, टूल बदलणे व मोकळी धाव १५ सेकंद, मोजमाप सरासरी १० सेकंद. इन्सर्टची धारही संपते. कॅटलॉगमधला वेग साधारण १५ मिनिटांच्या धारेवर दिलेला असतो, म्हणजे येथे अकरा नगांमागे दोन्ही टूलांची धार बदलायची. त्याचे नगामागे २० सेकंद धरा. असे मिळून एका नगाला २४० सेकंद, पुरी चार मिनिटे. शिवाय प्रोग्राम व सेटिंगला एक तास. ६० नगांना लागले ३०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

मशीनचा दर तासाला ४०० रुपये धरला, तर त्याने लावले १०३३ रुपये आणि व्हायला हवे होते २०००. पैसे गेले ते गेलेच. तारीख चुकली आणि ज्या कारखानदाराचे माग त्या भागांवाचून उभे होते त्याचेही नुकसान झाले. गेलेला पैसा पुढच्या कामात भरून निघतो, पण गेलेली पत सहज परत येत नाही.

सेटिंगचा तास नेहमी वेगळा लिहावा. हेच काम १० नगांचे असते, तर ४० मिनिटे काम आणि ६० मिनिटे सेटिंग. नगामागे १० मिनिटे. ६० नगांत तोच हिशेब ५ मिनिटांवर येतो. गिऱ्हाईक विचारते, "थोड्या नगांना भाव जास्त का?" त्याला हा हिशेब उघड दाखवावा. समजूतदार माणूस रागावत नाही.

मिलिंगला व्यास कटरचा घ्यावा आणि फीड दातांवरून काढावे. चार दातांचा कटर ३००० फेऱ्यांनी फिरतो आणि दातामागे ०.०५ मिलिमीटर कापतो, तर मिनिटाला ६०० मिलिमीटर. परंतु लहान खाचेत आणि कोपऱ्यांवर मशीनला वेग कमी करावा लागतो, ६०० गाठलेच जात नाहीत. म्हणून संगणकाच्या पडद्यावरची वेळ पुष्कळदा कमी निघते. तिच्यावर डोळे मिटून भाव देऊ नये.

पुतण्याला आम्ही एकच वही घालून दिली. डाव्या बाजूला अंदाज, उजव्या बाजूला घड्याळाने मोजलेला वेळ. पहिला नग सोडून पुढचे तीन मोजावेत आणि फरक कशामुळे पडला ते लिहावे. पाच-दहा कामांत आपल्या मशीनचा व आपल्या कारागिराचा खरा आकडा हाती येतो. तो कोणत्याही कॅटलॉगमध्ये छापलेला नसतो.

बंधूंनो, भाव कमी सांगून काम मिळवणे सोपे आहे. सांगितलेल्या भावात, सांगितलेल्या दिवशी माल देणे हाच खरा धंदा. त्यासाठी तोंड उघडण्याआधी वही उघडावी.