संगणकावरील तक्ता : नोंद एक, उपयोग अनेक

शासनाची योजना कितीही उत्तम असली, तरी तिचा लाभ नागरिकाच्या हाती पडतो तो अखेर एखाद्या यादीतून. निवृत्तिवेतनाची यादी, शिष्यवृत्तीची यादी, घरकुलाची यादी, करमागणीची यादी अशा याद्यांवरच ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंतचा बराचसा व्यवहार चालतो. पूर्वी या याद्या जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्यांत असत. आता त्या बहुतांशी संगणकावर आल्या आहेत. परंतु साधन बदलले म्हणजे सवय बदलली असे होत नाही. अनेक कार्यालयांत व शाळांत संगणकाचा उपयोग अजूनही टंकलेखन यंत्रासारखाच केला जातो. तक्ता सुबक दिसावा याकडे लक्ष असते. त्यातील नोंद शोधता यावी, मोजता यावी आणि पुन्हा वापरता यावी याकडे नसते. याची किंमत मोजावी लागते ती यादीतून नाव गळालेल्या माणसाला.

हिशोबी तक्त्याचे तत्त्व

वैयक्तिक संगणकावर चालणारा पहिला हिशोबी तक्ता म्हणजे ‘व्हिसिकॅल्क’ होय. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकी तंत्रज्ञांनी तयार केलेला हा तक्ता १९७९ साली बाजारात आला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलावेत, ही त्यामागील कल्पना होती. १९८५ साली आलेले एक्सेल आणि विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क ही आजची साधनेही याच तत्त्वावर उभी आहेत.

ग्रामपंचायतीच्या नमुना ९ मधील करमागणीचे उदाहरण घेऊ. एका मालमत्तेची मागील थकबाकी ६४० रुपये, चालू मागणी ८५० रुपये आणि वसूल रक्कम १,००० रुपये आहे. शिल्लक ४९० रुपये हा आकडा हाताने लिहिला, तर पुढील वसुलीच्या वेळी तो पुन्हा खोडून लिहावा लागेल. त्याऐवजी थकबाकी अधिक मागणी वजा वसुली असे सूत्र शिल्लकेच्या रकान्यात एकदा घालून खालच्या सर्व ओळींत ओढले, म्हणजे वसुलीची नोंद होताच शिल्लक आपोआप मिळते. संगणकास जे काढता येते ते आपण हाताने लिहू नये, हा पहिला नियम.

एका ओळीत एक नोंद, एका घरात एक बाब

तक्त्याच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत व तिच्या खाली प्रत्येक ओळीत एकच नोंद असावी. नाव, वाडी आणि भ्रमणध्वनी क्रमांक एकाच घरात लिहिल्यास वाडीनिहाय यादी काढता येत नाही. शोभेसाठी मध्येच रिकामी ओळ सोडणे, दोन-तीन घरे जोडून एक करणे, प्रत्येक वाडीसाठी वेगळा तक्ता मांडणे, या गोष्टी टाळाव्यात. छपाईची सुबकता शेवटी आणता येते. मूळ नोंद मात्र साधी ठेवावी.

मांडणी अशी असली की चाळणीची सोय, म्हणजे फिल्टर, लावून एका वाडीतील थकबाकीदार क्षणात वेगळे काढता येतात. पिव्होट तक्त्याच्या साहाय्याने वाडीनिहाय मागणी, वसुली व बाकीचा गोषवाराही मिळतो. मुख्याध्यापकांना इयत्तानिहाय मुले-मुलींची संख्या याच रीतीने काढता येईल. नोंदी क्रमाने लावताना मात्र एक दक्षता घ्यावी. केवळ नावांचा रकाना निवडून क्रम लावला, तर नावे हलतात आणि खाते क्रमांक जागीच राहतात. मग एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जाण्यास वेळ लागत नाही. यास्तव क्रम नेहमी संपूर्ण तक्ता निवडूनच लावावा.

बेरजेचा अंक आणि ओळखीचा अंक

दिसावयास दोन्ही अंकच. परंतु रक्कम ही बेरजेसाठी असते आणि बँक खाते क्रमांक हा ओळखीसाठी. हा भेद संगणकास आपण सांगावा लागतो. सर्वसाधारण रचनेच्या घरात शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक टंकला, की एक्सेल त्यास संख्या समजून पुढील शून्ये गाळते. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक राखते; सोळावा व त्यापुढील अंक शून्य होतात. असा क्रमांक बँकेकडे गेला तर रक्कम परत येते आणि लाभार्थीस विनाकारण हेलपाटे पडतात. म्हणून खाते क्रमांक, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक यांच्या रकान्यांस नोंदी भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ ही रचना द्यावी. अंक गळाल्यावर रचना बदलून ते परत येत नाहीत.

दिनांकाबाबतही असेच आहे. एक्सेलची दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते; त्यापूर्वीचा दिनांक ते दिनांक म्हणून ओळखत नाही. शाळेचे जुने दाखलेबुक संगणकावर आणताना दिवस, महिना व वर्ष यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवणे हिताचे ठरते.

मराठी नोंदींची विशेष काळजी

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो व शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा निश्चित क्रमांक आहे. म्हणून नवी प्रत्येक नोंद युनिकोडमध्येच करावी आणि टंकलेखनासाठी सर्वांनी एकच कळफलक वापरावा. १९८६ साली प्रमाणित झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत अंतर्भूत असतो.

एकाच कळफलकाचा आग्रह कशासाठी, हे ‘कऱ्हाड’ या नावावरून कळेल. त्यातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो : एक नुक्तायुक्त ‘र’ला हलन्त देऊन, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात. एका कारकुनाने एका प्रकारे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे गावाचे नाव टंकले असेल, तर मोजणी अपुरी भरते. नावाअखेर चुकून पडलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते. ती ‘ट्रिम’ या सूत्राने काढता येते.

यावर खरा उपाय दुहेरी आहे. गाव, वाडी, प्रवर्ग, इयत्ता या ठराविक बाबी दर वेळी टंकू नयेत. ‘डेटा व्हॅलिडेशन’च्या सोयीने त्यांची निवडसूची करून तीतूनच निवडाव्यात. आणि दोन याद्या ताडून पाहताना नावावर विसंबू नये. मालमत्ता क्रमांक किंवा विद्यार्थी क्रमांक यावरून ताळा घ्यावा. तसेच रकमा देवनागरी अंकांत टंकल्यास त्या पुष्कळदा अक्षरे समजल्या जाऊन बेरजेतून वगळल्या जातात. दोन-तीन आकड्यांची बेरीज करून याची आधीच खात्री करून घ्यावी.

एका यादीतून शेकडो पत्रे

तीनशे मालमत्ताधारकांस मागणीपत्रे पाठवावयाची असल्यास तीनशे वेळा नावे टंकण्याचे कारण नाही. पत्राचा मसुदा एकदा करावा, नाव, मालमत्ता क्रमांक व रक्कम यांच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात आणि ‘मेल मर्ज’ या सोयीने त्या जागा मूळ तक्त्याशी जोडाव्यात. छपाईपूर्वी पाच-सहा पत्रे तक्त्याशी ताडून पाहावीत. वार्षिक अहवालासारख्या दीर्घ लेखनात मथळे केवळ ठळक न करता त्यांस ‘हेडिंग’ ही शैली द्यावी, म्हणजे अनुक्रमणिका पृष्ठांकांसह आपोआप तयार होते.

मर्यादेची जाणीव

साधनाची मर्यादा न ओळखल्यास काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये २०२० साली घडले. करोना साथीच्या काळात तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फायलींत घेतले. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. फाईल भरल्यावर पुढील नोंदी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आकडेवारीत आलीच नाही. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. आपल्याकडील यादी लहान असली तरी धडा तोच आहे. माहिती एका फायलीतून दुसरीत नेताना आरंभीची व अखेरची नोंदसंख्या जुळते की नाही, हे दर वेळी पाहिले पाहिजे.

यादी बाहेर पाठवितानाही सावध असावे. रकाना लपविणे म्हणजे माहिती सुरक्षित करणे नव्हे. लपविलेला रकाना कोणासही उघडता येतो. फलकावर लावावयाच्या किंवा इतर कार्यालयास द्यावयाच्या यादीची वेगळी प्रत करून तीतून आधार व खाते क्रमांक काढूनच टाकावेत. मूळ फाईल एकाच्या जबाबदारीत असावी. तिच्या प्रतींच्या नावात वर्ष, महिना व दिवस या क्रमाने दिनांक घालावा, म्हणजे अलीकडची प्रत कोणती याविषयी संभ्रम राहत नाही. एक प्रत त्या संगणकाबाहेरही ठेवावी.

आरंभ एका नोंदवहीपासून

हे सारे करण्यास नवा संगणक लागत नाही की मोठा खर्च येत नाही. कार्यालयातील सर्वाधिक वापराची एक नोंदवही निवडावी आणि कार्यालयप्रमुख, कारकून व संगणकचालक यांनी एकत्र बसून तिचे रकाने ठरवावेत. ग्रामपंचायत सदस्यांनीही मासिक सभेत केवळ एकूण वसुलीचा आकडा ऐकून न थांबता वाडीनिहाय गोषवारा मागावा. तो तत्काळ निघत नसेल, तर तक्त्याची मांडणी सुधारण्याची गरज आहे असे समजावे. माझे नाव यादीत आहे काय, असे विचारीत एखादी वृद्धा कार्यालयात येते, तेव्हा तिला उद्या या असे न सांगता त्याच वेळी निश्चित उत्तर देता आले पाहिजे. तक्त्याची शिस्त पाळावयाची ती यासाठी.