शिकारीची नोंद व पिकाचें रक्षण : विद्यार्थ्यांच्या उमेदवारीचा एक धडा

रानडुकरांनीं एका रात्रींत अर्धा एकर तूर आडवी केली, तर शेतकऱ्यास त्या पिकाची हळहळ वाटते. परंतु तें नुकसान कोणत्या तारखेस, किती क्षेत्रांत व कोणत्या जनावरानें केलें, हें लिहून ठेवण्याची बुद्धि फारच थोड्यांस होते. पुढें भरपाई मागतांना, किंवा उपद्रवी जनावराच्या शिकारीची परवानगी मागतांना, हीच उणीव आड येते. म्हणून रानटी जनावरांची व शिकारीची नोंद कशी ठेवावी आणि ह्या कामीं कृषि महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचें साहाय्य कसें घ्यावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

नागपुरास हा विषय नवा नाहीं. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें. आजहि राज्याच्या वनखात्याचें मुख्यालय सदर बाजारालगतच्या सिव्हिल लाईन्समध्यें आहे. इंग्रजी अमलांत वाघ, बिबट्या, लांडगा मारणारास सरकार बक्षीस देई व त्या बक्षिसांचा हिशेब ठेवी. अशा हिशेबांवरून इतिहासकार महेश रंगराजन ह्यांनीं असा अंदाज काढला कीं, १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ व १,५०,००० हून अधिक बिबटे मारले गेले. हिशेब ठेवला होता पैशाचा. परंतु त्यांतून एका प्राण्याच्या ऱ्हासाचा इतिहास हातीं आला.

मात्र त्या वह्यांत एक मोठा दोष होता. मेलेलें जनावर त्यांत चढे, जिवंत राहिलेलें चढत नसे. किती दिवस रान धुंडाळलें व कांहींच दिसलें नाहीं, हें कोणी लिहीत नसे. त्यामुळें शिल्लक किती, हें वेळेवर कळलें नाहीं. १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. ह्या देशांतील ते अखेरचे नोंदलेले चित्ते ठरले, व १९५२ सालीं ती जात नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

खोटी नोंद तर नोंद नसण्याहून घातक. राजस्थानांतील सरिस्का येथें २००४ सालच्या गणनेंत कागदावर वाघ होते. २००५ सालीं रानांत एकहि उरला नसल्याचें उघड झालें. ह्यानंतर पावलांच्या ठशांवरून मोजणी करण्याची जुनी रीत सोडून, २००६ पासून छायाचित्रें टिपणारीं यंत्रें रानांत बसवून पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची पद्धति आली. तिच्या आधारें महाराष्ट्रांत २०१४ सालीं १९० व २०२२ सालीं ४४४ वाघांचा अंदाज निघाला.

ह्यांत शेतकऱ्याचा हितसंबंध कोणता? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई आहे. परंतु रानडुक्कर व रोही ह्यांसारखें दुसऱ्या अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास धोकादायक झालें, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, तो कारणें नमूद करून लेखी परवानगी देऊं शकतो. कारणें लिहावयाचीं तर त्यांस पुरावा हवा. पीकनुकसानीच्या भरपाईकरितां घटनेपासून तीन दिवसांच्या आंत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते. वही तयार असेल तर हे तीन दिवस पुरतात.

वहींत पांच रकाने पुरे आहेत : (१) तारीख व वेळ, (२) गट क्रमांक, पीक व पिकाची अवस्था, (३) जनावर व ओळखीची खूण, (४) नुकसानीचें क्षेत्र, फितीनें मोजून, (५) जागल, कुंपण इत्यादि उपाय व त्याचा परिणाम. ज्या रात्रीं जागल केली व कांहीं आलें नाहीं, त्या रात्रींपुढें शून्य लिहावें. शून्य हीहि नोंदच होय. तिच्यावरूनच कोणता उपाय लागू पडला तें कळतें.

खूण ओळखणें कठीण नाहीं. डुक्कर तोंडानें जमीन उकरतें; शेत नांगरल्यासारखें दिसतें, व मऊ मातींत खुरामागें दोन लहान टोंचे उमटतात. रोही उंचावरील शेंडे खुडतो व वारंवार एकाच जागीं लेंड्यांचा ढीग घालतो. चितळाचें खूर लहान व पुढें निमुळतें असतें. संशय असल्यास "अज्ञात" असें लिहावें, तर्कानें नांव घालूं नये.

आतां विद्यार्थ्यांविषयीं. नागपूरचें कृषि महाविद्यालय १९०६ सालचें आहे, आणि महाराजबागेंतील प्राणिसंग्रहालय ह्याच महाविद्यालयाच्या व्यवस्थेखालीं आहे. कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहतात. ह्याच मुदतींत प्रत्येक गांवीं एका विद्यार्थ्याकडे ही वही सोंपवावी, अशी आमची सूचना आहे. त्यानें ऐकीव गोष्ट लिहूं नये. शेतांत स्वतः जावें. एकाच शेताचें मोजमाप दोघांनीं निरनिराळें करावें व दोन्हीं आंकडे ठेवावे. परवानगीनें शिकार झाली, तर तारीख, ठिकाण, नर कीं मादी व परवान्याचा क्रमांक टिपावा. मात्र वाघाची गुहा किंवा खवल्या मांजराचें बीळ कोठें आहे, हें चावडीवर वाचून दाखवूं नये. तें फक्त वनखात्यास कळवावें, नाहींतर चोरट्या शिकाऱ्यास आयती वाट सांपडते.

एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. कुंपणाच्या तारेंत विजेचा प्रवाह सोडण्याची रीत विदर्भांत अनेक जिवांवर बेतली आहे. त्यांत वाघ मेले, तशींच माणसेंहि मेलीं, आणि कित्येकदां तो जीव त्याच शेताच्या धन्याचा होता. हा गुन्हा आहे, व त्यानें डुकरांचा उपद्रव संपल्याचें कोठें दिसत नाहीं.

वहीस लागतो थोडा वेळ व चार आण्यांचा नव्हे, तर प्रामाणिकपणाचा खर्च. येत्या रब्बींत हरभरा उगवण्यापूर्वींच ती शिवून ठेवावी, आणि गांवीं आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवशीं शेताचा धुरा दाखवावा.