घडीचा चाकू घेताना कुलूप पाहा

गाठी सोडणारा हमाल, चामडे कापणारा कारीगर, वायरमन, या सर्वांच्या खिशात घडीचा चाकू असतो. गिऱ्हाईक धार पाहते, भाव करते आणि पैसे देते. उघडलेले पाते कशाच्या आधारावर उभे राहते, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. दाब पडून पाते उलट मिटले तर ते थेट बोटांवर येते आणि कारीगराची रोजी त्या बोटांवरच असते. म्हणून आम्ही या कुलपांची थोडी माहिती देत आहोत.

पहिला प्रकार बिनकुलपी. पाठीची पोलादी कमान पात्याच्या बुडाला नुसती दाबून धरते. जोर लावला की पाते मिटते. १८९७ साली नोंदलेला स्विस ऑफिसर चाकू याच जातीचा. फळे, सुतळी, कागद यांना तो पुरे. टोकाने भोके पाडण्यास मुळीच वापरू नये.

दुसरा कड्याचा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ साली फिरते कडे बसवले गेले. कडे फिरवले की पात्याची मिटण्याची वाट बंद होते. मात्र ते हाताने फिरवावे लागते, विसरले तर कुलूप नाहीच.

तिसरा पाठीच्या खटक्याचा. पाठीवरील दांडीचे नाक पात्याच्या खाचेत बसते; दांडीचे मागचे टोक दाबले की नाक उचलते. अमेरिकेच्या बक कंपनीच्या ११० नंबरने १९६० च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय केला. कापडाच्या गोदामात या खाचेत सुताची तूस साचते आणि नाक पुरते बसत नाही. म्हणून खाच काडीने साफ ठेवावी.

चौथा पट्टीचा. मुठीच्या आतील पत्र्याची चिरलेली पट्टी पाते उघडताच सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते. बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पट्टी सरकवून पाते थोडे वळले की अंगठा काढून घ्यावा. पक्कडवजा बहुकामी हत्यारांतही ही पट्टी आढळते. अशा हत्यारात चाकूला कुलूप असले तरी पेचकसाला असेलच असे नाही. प्रत्येक पान वेगळे तपासावे.

घेताना तीन गोष्टी कराव्यात. पाते सावकाश उघडून खटका पुरा बसतो का पाहावे. पाते वर-खाली हलवून ढिलाई तपासावी. मग मूठ दोन्ही बाजूंनी धरून, बोटे वाटेबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हळू दाबावी. कुलूप सरकले तर तो माल परत करावा, मग भाव कितीही सस्ता असो.

विकणाऱ्या बंधूंनीही ही तपासणी गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. दोन मिनिटे जातात, पण सौदा साफ होतो आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानी येते.