‘ग्रीन नोबेल’ नेमके कोण देते?

प्रश्न : पक्षी, जंगल किंवा नदी वाचवणाऱ्या कुणाला ‘ग्रीन नोबेल’ मिळाले, कुणाला ‘ग्रीन ऑस्कर’ मिळाले, अशा बातम्या येतात. पण नोबेलच्या यादीत पर्यावरण हा विषयच दिसत नाही. मग हे पुरस्कार देते कोण? त्यांचे पैसे कुणाला मिळतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यादी तुम्ही बरोबर वाचली आहे. पर्यावरणाचे नोबेल अस्तित्वात नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५च्या मृत्युपत्रात पाचच विषय लिहून ठेवले : पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता. अर्थशास्त्राच्या पुरस्काराची भर स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८मध्ये घातली. त्यानंतर मात्र ‘आता नवा विषय नको’ असे नोबेल प्रतिष्ठानने ठरवून टाकले.

ही नावे येतात कुठून? एखाद्या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात, म्हणून तिथला कारभार काही पंढरपूरहून चालत नाही. इथेही तसेच आहे. ‘ग्रीन नोबेल’ हे लोकांनी पाडलेले नाव. पुरस्काराचे खरे नाव गोल्डमन पर्यावरण पुरस्कार. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन या दाम्पत्याने तो १९८९मध्ये स्थापन केला. जगाचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागातल्या तळागाळातल्या कार्यकर्त्याला तो दिला जातो. १९९२मध्ये तो मेधा पाटकर यांना मिळाला.

‘पर्यायी नोबेल’ म्हणतात तो आणखी वेगळा. याकोब फॉन युक्सक्युल या गृहस्थांनी पर्यावरणासाठीही नोबेल असावे, असे सुचवून पाहिले. नकार आल्यावर त्यांनी आपला मौल्यवान टपाल तिकिटांचा संग्रह विकला आणि १९८०मध्ये स्वतःच ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार सुरू केला. १९८७मध्ये तो चिपको आंदोलनाला मिळाला आणि १९९१मध्ये नर्मदा बचाव आंदोलनासाठी मेधा पाटकर व बाबा आमटे यांना.

‘ग्रीन ऑस्कर’चा घोळ जरा जास्त आहे, कारण या एका टोपणनावावर दोघांचा दावा आहे. ब्रिटनमधले ‘पांडा’ पुरस्कार निसर्गविषयक चित्रपटांसाठी असतात. लंडनचे व्हिटली पुरस्कार मात्र प्रत्यक्ष संवर्धनाच्या कामासाठी असतात. त्यामुळे व्हिटली मिळवणाऱ्याने चित्रपट काढला असेल, असे समजू नका. आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांना तो २०१७मध्ये मिळाला, तो हरगिला या करकोच्याच्या कुळातल्या पक्ष्यासाठी. हा पक्षी मेलेली जनावरे खातो, म्हणून गावकरी त्याला अपशकुनी मानत आणि त्याची घरटी असलेली झाडे तोडत. बर्मनबाईंनी गावातल्या बायकांनाच या पक्ष्याच्या राखणदार केले. त्या बायका आता मेखला-चादरीवर हरगिला विणतात आणि घरट्यांवर लक्षही ठेवतात.

आता पैशांचे. पुरस्कार म्हणजे विजेत्याच्या बँक खात्यात जमा होणारी बक्षिसाची रक्कम, असा सर्वसाधारण समज असतो. व्हिटलीच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. तिथली रक्कम ठरलेल्या प्रकल्पावरच खर्च करायची असते. म्हणून तिथे कार्यकर्ता पुढच्या कामाचा आराखडा देऊन स्वतः अर्ज करतो. नोबेलसाठी स्वतःचे नाव सुचवता येत नाही, आणि गोल्डमनसाठीही दुसऱ्याने शिफारस करावी लागते. म्हणजे व्हिटलीसाठी अर्ज करणे हा आगाऊपणा नाही, ती तिथली पद्धतच आहे.

मग निसर्गासाठी झटणाऱ्याला खरे नोबेल कधीच मिळत नाही का? मिळते, पण दुसऱ्या विषयाच्या दाराने. ओझोनचा थर कशाने विरतो हे दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९५मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२१च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेलचा निम्मा वाटा हवामानाची गणिती प्रारूपे मांडणाऱ्या दोघांना गेला. केनियात महिलांकरवी झाडे लावून घेणाऱ्या वांगारी माथाई यांना १९९१मध्ये गोल्डमन आणि २००४मध्ये शांततेचे नोबेल, असे दोन्ही मिळाले.

तेव्हा अशी बातमी वाचताना टोपणनाव बाजूला ठेवून आधी पुरस्काराचे मूळ नाव शोधावे. मग तो झालेल्या कामाचा गौरव आहे की पुढच्या कामासाठी दिलेला निधी, हे पाहावे. निधी असेल, तर त्या माणसाचे खरे काम पुरस्काराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते; हार-तुरे घेऊन येणाऱ्यांनी त्याचा फार वेळ खाऊ नये.