किल्लीची साक्ष

अहिल्यानगर जिल्हा पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. या जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथे शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. गावातील घरांचीही अशीच ख्याती आहे. घराला चौकट असावी, परंतु कडीकुलूप लावण्याजोगे दार नसावे, अशी तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवली, की त्यांचे काम भागे.

लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. परका मनुष्य आला, तर तो लागलीच ध्यानात येतो. परंतु यात्रेला दूरदूरचे लोक येऊ लागले, म्हणजे ही ओळख पुरी पडत नाही. २०१० साली एका यात्रेकरूने आपल्या वाहनातून रोकड व चीजवस्तू चोरीस गेल्याची तक्रार केली. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली. गावाच्या रीतीस मान देऊन तिने काचेचे पारदर्शक दार बसविले. मात्र त्याला सहज नजरेस न येणारे विद्युतचुंबकीय कुलूप जोडले. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही सुरू झाले.

जेथे माणसे एकमेकांस ओळखत नाहीत, तेथे ओळख पटविण्याचे काही साधन लागते. किल्ली हे असेच एक साधन होय. “मला आत येण्याचा अधिकार आहे,” अशी साक्ष ती कुलपापाशी देते.

ही युक्ती फार जुनी आहे. काही हजार वर्षांपूर्वी इजिप्त देशात लाकडी कुलपे होती. दाराच्या अडसराला भोके असत व वरून लाकडी खुंट्या त्यांत पडत. दातेरी लाकडी किल्लीने त्या खुंट्या वर उचलल्या, की अडसर सरके. अमेरिकेतील धाकट्या लायनस येल याने १८६१ साली याच कल्पनेवर धातूचे सुबक कुलूप तयार केले. त्यात दोन-दोन तुकड्यांचे बारीक खिळे एका ओळीत असतात. चपट्या किल्लीच्या खाचा प्रत्येक खिळ्याला नेमका हवा तेवढाच वर उचलतात. सर्व खिळ्यांचे सांधे एका रेषेत आले, म्हणजेच कुलपाचा गोल गाभा फिरतो. एक खाच जरी कमीअधिक झाली, तरी तो अडतो. आपल्या देशात अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला.

पुढे मोटारगाड्या आल्या. १९४९ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत केवळ किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय झाली. परंतु चोर कुलूप फोडून आतील तारा एकमेकींस जोडीत व किल्लीवाचून गाडी पळवीत. खाचांची साक्ष अपुरी ठरली. तेव्हा १९८६ साली कॉर्व्हेट नावाच्या अमेरिकन मोटारीच्या किल्लीत विजेच्या प्रवाहास अडथळा करणारा एक लहानसा तुकडा बसविण्यात आला. किल्लीच्या खाचांबरोबर हा अडथळाही जुळला, तरच गाडी सुरू होई. पण अडथळ्यांचे प्रकार अवघे १५ होते. चिकाटीच्या चोरास एवढे प्रकार करून पाहणे फारसे कठीण नव्हते.

त्यानंतर प्रचारात आलेली युक्ती अधिक चतुर आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती किंवा कुपी दडविलेली असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. गाडीतील किल्लीच्या भोकाभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणाऱ्या लहरींपासूनच तिला शक्ती मिळते आणि ती जागी होते.

मग गाडी व किल्ली यांची प्रश्नोत्तरे सुरू होतात. पूर्वी किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो शब्द चोरून ऐकणाऱ्यासही आत शिरता येई. येथे तसे होत नाही. कारण गाडी दर वेळी नवाच प्रश्न विचारते. समजा, ‘दुप्पट करून सात मिळवावे’ असा गुप्त नियम दोघींनाच ठाऊक आहे. गाडीने १२ हा आकडा पाठविला, तर किल्ली ३१ असे उत्तर देईल. पुढच्या वेळी गाडी ४० हा आकडा पाठवील; तेव्हा ३१ हे जुने उत्तर चोराच्या काय कामाचे? खरा नियम अर्थात यापेक्षा फारच गुंतागुंतीचा असतो. उत्तर बरोबर आले, की इंजिनास चालण्याची परवानगी मिळते. चुकले, तर तारा जोडूनही इंजिन चालत नाही. हे सारे पापणी लवते न लवते तोच घडते.

आता अशी किल्ली हरवली, तर काय करावे? साध्या किल्लीवाल्याकडून तशाच खाचांची किल्ली करून घेतली, तर तिने दार उघडेल, पण इंजिन चालणार नाही. अशा वेळी मालकाने प्रथम पोलिसांत नोंद करावी. नंतर गाडीच्या नोंदणीचे कागद व स्वतःचे ओळखपत्र घेऊन अधिकृत दुरुस्ती-केंद्रात जावे. तेथील तंत्रज्ञ नवी किल्ली घडवितो आणि गाडीतील संगणकाला तिची ओळख करून देतो. त्याच वेळी हरवलेल्या किल्लीची ओळख स्मृतीतून पुसून टाकता येते. मग ती किल्ली कोणास सापडली, तरी तिने इंजिन सुरू होत नाही. दार मात्र तिच्या खाचांनी उघडू शकते. म्हणून भीती वाटल्यास दाराची कुलपेही बदलावी लागतात. हा सारा खर्च मोठा असतो. यासाठीच शहाणा मालक दुसरी किल्ली गाडीत न ठेवता घरी जपून ठेवतो.

चोरांची बुद्धीही स्वस्थ बसत नाही. काही नव्या मोटारी खिशातील किल्ली जवळ येताच आपोआप उघडतात. अशी किल्ली घरात दाराजवळ ठेवली असता, तिच्या लहरी यंत्राने पकडून बाहेरच्या गाडीपर्यंत पोहोचवितात, असा चोरीचा एक प्रकार आहे. अशी किल्ली धातूच्या बंद डबीत ठेवल्यास लहरी बाहेर पडण्यास अटकाव होतो.

या सर्व योजनांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गाडी किल्लीला ओळखते. किल्ली कोणाच्या हातात आहे, हे तिला कळत नाही. ते ओळखणे शेवटी माणसाकडेच राहते. घाईत असलेला गिऱ्हाईक जादा पैसे देऊ करतो, तरीही “आधी गाडीचे कागद दाखवा,” असे नम्रपणे सांगणारा कारागीर कित्येक अनोळखी लोकांच्या मालमत्तेचे रक्षण करीत असतो. त्याच्या सचोटीला मात्र दुसरी किल्ली नाही.

स्वाध्याय

१. शनिशिंगणापूर येथील बँकेने गावाची रीत व पैशांची सुरक्षितता या दोहोंचा मेळ कसा घातला?
२. येलच्या कुलपात चुकीची किल्ली का फिरत नाही?
३. ‘तिप्पट करून चार वजा करावे’ असा गुप्त नियम असल्यास २५ या प्रश्नाचे उत्तर काय येईल?
४. परवलीचा शब्द आणि मोटारीच्या किल्लीचे उत्तर यांतील फरक सांगा.
५. ‘त्याच्या सचोटीला मात्र दुसरी किल्ली नाही,’ या वाक्याचा भावार्थ चार-पाच ओळींत लिहा.