प्रॉडक्ट हाती येईपर्यंत एकही थर फेकू नकोस

अगं, एम.एस्सी.ला ऑरगॅनिक घेतलंस ना, मग आता सेपरेटिंग फनेलशी तुझी रोजची गाठ. जर्नलमध्ये ‘एक्स्ट्रॅक्शन केले’ एवढ्या एका ओळीत सगळे उरकतात आणि प्रॉडक्ट हातचं जातं ते नेमकं तिथेच. म्हणून नीट ऐक.

‘वरचा थर ऑरगॅनिक’ असं पाठ करू नकोस. इथर आणि इथाइल ॲसिटेट पाण्यावर तरंगतात, पण डायक्लोरोमिथेनची घनता १.३३, ते तळाशी बसतं. शंका आली तर पाण्याचे चार थेंब सोड आणि कुठला थर वाढतो ते बघ. तोच पाण्याचा.

ओतण्याआधी कॉक बंद आहे ना, ते तपास. इथर ३५ अंशांनाच उकळतं, तळहाताच्या उबेनेही आत दाब चढतो. म्हणून बूच घट्ट धरून फनेल उलटं कर, नळीचं तोंड फ्यूम हूडच्या आत वळव आणि हलक्या हाताने हलवत दर वेळी कॉक उघडून वाफ सोड. बायकार्बोनेटने धुताना तर कार्बन डायऑक्साइड उसळतो; तेव्हा आधी बूच न लावताच हळूहळू फिरव.

सॉल्व्हंट एकदम ओतू नकोस. पदार्थ पाण्यापेक्षा इथरमध्ये तिप्पट विरघळतो असं धर. १०० मिली पाण्याला ९० मिली इथर एकदाच वापरलंस, तर २७ टक्के माल पाण्यातच राहतो. तेच ३० मिली तीनदा वापरलंस, तर १५ टक्केही उरत नाही.

दोन्ही थरांच्या मध्ये फेसाळ, दुधी पट्टा अडकला तर घाबरू नकोस. थोडं संपृक्त मिठाचं पाणी घाल, हळू फिरव, स्टँडला लावून थांब.

बेंझोइक ॲसिड आणि नॅफ्थॅलीन वेगळं करशील तेव्हा बायकार्बोनेटमुळे ॲसिड क्षार होऊन पाण्यात उतरतं. दिसायला ते साधं पाणीच. त्यात थेंबथेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड टाक, पांढरा साका खाली बसताना दिसेल. ते पाणी सिंकमध्ये गेलं, तर दिवसभराची मेहनत गेली.

तेव्हा प्रत्येक बीकरवर नाव लिही, आणि प्रॉडक्ट वाळवून, वजन करून, मेल्टिंग पॉइंट घेईपर्यंत काहीही टाकू नकोस. एवढं माझं ऐकच.