काळं ऑइल आणि जॉबकार्ड

आमच्या बाइकच्या ग्रुपमध्ये गेल्यावर पहिल्याच रविवारी दोन गोष्टी शिकायला मिळतात. एक म्हणजे घाटात ब्रेक कसा मारायचा आणि दुसरी म्हणजे डीलरला शिव्या कशा घालायच्या. दंडोबाच्या डोंगराजवळ चहाला थांबलो की सुरू होतं. कुणाची डिलिव्हरी लांबली, कुणाची चेन वाजते, कुणाला जादा बिल लागलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे तिथली निम्मी मराठी मला नवीन होती. (आता नाही!)

गेल्या वर्षी मीही त्यात भर घातली. पप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला साताऱ्यातून दीडशे सीसीची बाइक घेऊन दिली. पहिलं सर्व्हिसिंगही तिथेच झालं. तिथून सांगलीला हॉस्टेलवर यायचं म्हणजे साधारण सव्वाशे किलोमीटर. आल्यावर डिपस्टिक काढून बघतो तर ऑइल काळपट. ग्रुपने तिथल्या तिथे निकाल दिला, "ऑइल बदललंच नाही लेका, नुसतं बिल फाडलंय." मी तेच वाक्य मेसपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. पुढच्या शनिवारी आम्ही दहाजण साताऱ्याला शोरूमवर गेलो.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आलेच नाहीत. पुढे केलं ते सर्व्हिसिंग करणाऱ्या मेकॅनिकला. आयटीआय झालेला, आमच्याच वयाचा मुलगा. आम्ही त्याला घेरून नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, ऑइल काळं पडतंयच की. बदललंय मी." पुढे कळलं की त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं आणि तेवढा पगार कापला होता. परत येताना पेठ नाक्यावर आम्ही मिसळ खाल्ली आणि आपण जिंकलो असं समजलो.

सोमवारी आयसी इंजिनच्या प्रॅक्टिकलला सरांना सहज विचारलं. त्यांनी मला फळ्यासमोरच उभं केलं. आपल्या बहुतेक बाइकमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना वंगण देतं. ड्रेन बोल्ट काढला तरी जुनं ऑइल सगळं निघत नाही, वाटांमध्ये आणि कोपऱ्यांत थोडं राहतंच. नवीन ऑइलमध्ये डिटर्जंट असतं आणि आतली काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. म्हणजे ते काळं पडलं तर काम करतंय! सव्वाशे किलोमीटरनंतरच्या रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. सरांनी पुढे विचारलं, "जॉबकार्डवर ग्रेड कुठली लिहिली आहे? जासो एमए आहे का?" बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यात घर्षण कमी करणारं कारचं ऑइल घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. खरा प्रश्न हा होता. मी जॉबकार्ड वाचलंच नव्हतं. थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी आणि पुरावा काय, तर रंग!

रूमवर येऊन फाइल उघडली. जॉबकार्डवर ग्रेड बरोबर, किलोमीटर बरोबर, ऑइलची मात्रा मॅन्युअलप्रमाणे. पण त्याच फाइलमध्ये गाडी घेतानाचं बिल होतं, आणि घोळ तिथे निघाला.

'हँडलिंग चार्जेस' म्हणून बावीसशे रुपये लावले होते. हा ना कर, ना आरटीओची फी, ना विम्याचा हप्ता. एक्स-शोरूम किमतीच्या वर हा आकडा कशासाठी, याचं उत्तर बिलात नव्हतं. हेल्मेटचे वेगळे पैसे घेतले होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३८ सांगतो की दुचाकी विकत घेताना उत्पादकाने बीआयएस मानकाचं हेल्मेट पुरवायचं आहे. विमाही डीलरने सुचवलेल्या कंपनीचाच होता. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, हे खरं. पण तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवतं. पप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

यातली एकही गोष्ट त्या मेकॅनिकच्या हातातली नव्हती. काही दोष तर डीलरच्याही हातात नसतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ गाड्या परत तपासणीला बोलावल्या. अशी गाडी वाटेत मिसफायर झाली तर वर्कशॉपमधल्या पोराला धरून काय उपयोग? म्हणून आता आमच्या ग्रुपमध्ये कुणी बोलायला लागलं की मी आधी विचारतो, दोष कारखान्याचा, वर्कशॉपचा की काउंटरचा? सगळे मला 'वकील' म्हणतात. म्हणू देत.

मग मी पत्र लिहिलं. शिवी नाही, विशेषण नाही. फक्त बिल नंबर, तारीख, रक्कम आणि नियम. एक प्रत डीलरला, एक कंपनीला. उत्तर आलं नसतं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन होती, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक गोष्ट हॉस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला. त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे गाडी साताऱ्याची असली तरी इथे राहणाऱ्याला सांगलीत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. वस्तूत दोष आहे असं म्हणणं असेल तर आयोग ती लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो; तिथे "ऑइल काळं दिसलं" चालणार नाही. १९८६ चा पहिला कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली होती. आमच्यातल्या एकालाही, म्हणजे मलाही, हे नाव माहीत नव्हतं.

त्याच पत्रात शेवटी मी लिहिलं की ऑइलबद्दलचं माझं म्हणणं चुकीचं होतं, मेकॅनिकचा दोष नाही. हे लिहू नको असं ग्रुपचं मत पडलं. "आपली केस वीक होते," म्हणे. दोन रात्री मीही ते वाक्य कागदावरून खोडत आणि परत लिहीत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी स्पीड पोस्ट केलं.

तीन आठवड्यांनी हँडलिंगचे बावीसशे रुपये पप्पांच्या खात्यात जमा झाले. हेल्मेटच्या पैशांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला मी एकटाच गेलो. तोच मुलगा होता. त्याने मला बोलावून समोर ड्रेन बोल्ट काढला, ट्रेमध्ये जुनं ऑइल पडू दिलं, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून नवीन ओतलं. थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलं, जरा थांबला आणि डिपस्टिक पुसून बुडवून माझ्यापुढे धरली. डब्यात होता तो सोनेरी रंग आता राहिला नव्हता.

"बघा दादा," तो म्हणाला.

मी सॉरी म्हटलं. त्या आठ दिवसांचा पगार मिळाला का, असंही विचारलं. त्याने ट्रे उचलला आणि मागच्या शेडकडे गेला.